‘जनरलचं पिस्तूल’ म्हणून लिलावात आलेलं कोल्ट .३२: शिक्का खरा असला तरी जनरल खरा आहे का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. न्यू जर्सीत राहणाऱ्या, ग्रीन कार्ड असलेल्या एका मराठी वाचकाने शेजारच्या राज्यातल्या एका इस्टेट लिलावात पिस्तूल पाहिलं आहे. कोल्ट मॉडेल १९०३, कॅलिबर .३२, फ्रेमवर ‘यू.एस. प्रॉपर्टी’ असा शिक्का, स्लाइडवर कोरलेलं एका अमेरिकी ब्रिगेडियर जनरलचं नाव, काळ्या चामड्याचा पट्टा आणि होल्स्टर, शिवाय घरच्यांचं एक पत्र: ‘हे पिस्तूल लष्कराने आमच्या आजोबांना दिलं होतं, १९५३ साली ते निवृत्त झाले.’ साध्या कोल्टच्या कितीतरी पट बोली मागितली जाते आहे. घ्यावं का, आणि पुढे पुण्याला परत येताना बरोबर आणता येईल का, असं विचारलं आहे.

यात दोन प्रश्न एकमेकांत मिसळले आहेत. पिस्तूल लष्करी आहे का, हा पहिला. ते या जनरलचं होतं का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर धातूवर सापडतं आणि अर्ध्या तासात मिळतं. दुसऱ्याचं उत्तर धातूवर जवळजवळ कधीच नसतं, ते कागदावर असतं. विकणारे पहिल्याचं उत्तर दाखवून दुसऱ्याचे पैसे मागतात. यात लबाडी असतेच असं नाही, पुष्कळदा त्यांचाही तसा समज असतो.

आधी पिस्तूल. जॉन ब्राउनिंगच्या आराखड्यावर कोल्टने १९०३ ते १९४५ या काळात ही बनवली, .३२ ची साधारण पावणेसहा लाख. .३८० चं जुळं मॉडेल १९०८ साली आलं, त्याचा क्रमांक १,३८,००९ वर थांबतो. घोडा स्लाइडच्या आत झाकलेला असल्याने खिशात किंवा कोटात अडकत नाही, वजन सुमारे पाऊण किलोच्या आतच, जाडी कमी. कमरेला शोभेल आणि ओझं होणार नाही असं हत्यार अधिकाऱ्यांना हवं होतं, म्हणून याची निवड झाली. १९४० च्या दशकापासून १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत अमेरिकी जनरलांना .३२ आणि .३८० अशी दोन्ही दिली गेली. आयझेनहॉवर, ब्रॅडली, मार्शल, पॅटन ही नावं त्या यादीत येतात. निवृत्तीच्या वेळी जनरलला आपलं पिस्तूल सरकारकडून विकत घेता येत असे. परत केलं, तर ते दुसऱ्या कुणाला दिलं जाऊ शकत होतं.

तुमच्या पिस्तुलाचा क्रमांक सगळ्यात आधी मागा. तो फ्रेमच्या डाव्या बाजूला असतो. .३२ ची लष्करी मालिका ५,५४,४४७ ते ५,७२,२१४ अशी धरली जाते. क्रमांक याच्या बराच खाली असेल, म्हणजे दोन लाखांत किंवा तीन लाखांत असेल, आणि तरी उजव्या बाजूला ‘यू.एस. प्रॉपर्टी’ असेल, तर शिक्का नंतर मारलेला आहे असंच मी गृहीत धरतो. तसं नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी विकणाऱ्याची. या मालिकेतल्या पिस्तुलाची नळी पावणेचार इंचांची असते, तिच्या तोंडाशी वेगळी बुशिंग (नळीला धरणारं कडं) नसते, आणि मॅगझीन काढलेलं असताना चाप ओढला तर घोडा पडत नाही. तोंडाशी वेगळी बुशिंग दिसली तर ते १९१० च्या आधीच्या घडणीचं आहे. अलीकडे कोल्टच्या परवान्याने याची नवी प्रतही निघाली आहे आणि तिच्यावरही ‘यू.एस. प्रॉपर्टी’ आहे. ती फसवणूक नव्हे, पण अंधुक फोटोत सहज खपून जाते. हेही कारण आहे की क्रमांक पूर्ण दिसेल असा फोटो मिळाल्याशिवाय पुढे बोलूच नये. शेवटचे दोन आकडे बोटाने झाकलेला फोटो बोली लावायला पुरेसा नाही.

क्रमांक बसला की शिक्का पाहायचा. दहापट भिंग घ्या आणि उजेड समोरून न टाकता बाजूने, अगदी तिरका टाका. कारखान्यात शिक्का आधी मारला जाई आणि फिनिश नंतर चढे. म्हणून खऱ्या शिक्क्याच्या खाचेच्या तळातही तेच फिनिश असतं जे आजूबाजूला आहे: लष्करी मालिकेच्या सुरुवातीच्या पिस्तुलांवर ब्लूइंग म्हणजे काळसर निळा मुलामा, पुढच्यांवर पार्करायझिंग म्हणजे राखाडी, जरा खरखरीत फॉस्फेटचा थर. नंतर मारलेल्या शिक्क्यात अक्षराच्या कडेला धातू उचललेला असतो. नखाची कड हळूच फिरवली तरी लागतो. तो घासून काढला असेल तर अक्षराभोवती फिनिश पातळ दिसतं. खाचेच्या आत लावलेलं बाटलीतलं थंड ब्लूइंग कडेला जांभळट दिसतं. एक सावधगिरी मात्र ठेवा. सगळं पिस्तूलच पुन्हा पार्कराइझ केलं असेल तर ही कसोटी चालत नाही. तशा वेळी स्लाइडवरचं कोल्टचं चिन्ह, म्हणजे उधळलेल्या घोड्याचं चित्र, आणि पेटंटच्या तारखा पाहा. पॉलिश करून पुन्हा फिनिश चढवलेल्या पिस्तुलावर ती अक्षरं उथळ आणि कडा गोल झालेली असतात.

आता इथे बहुतेकांची गाडी घसरते. लष्करी मालिकेत साधारण सतरा-अठरा हजार .३२ पिस्तुलं बनली. महायुद्धात अमेरिकेचे जनरल त्या मानाने मूठभर. उरलेली ओएसएस (महायुद्धातली अमेरिकी हेरसंस्था), लष्करी गुप्तचर विभाग, गुन्हे तपास शाखा अशा ठिकाणी गेली, काही ब्रिटनलाही. साध्या वेशात काम करणाऱ्यांना कोटाखाली लपेल असं हत्यार हवं होतं, आणि कोल्ट १९०३ त्यासाठी नेमकं होतं. सांगायचा मुद्दा, शिक्का शंभर टक्के अस्सल निघाला तरी त्यातून एवढंच कळतं की हे सरकारने घेतलं होतं. ते कुठल्याशा गुप्तचर कार्यालयातल्या सार्जंटकडे असण्याची शक्यता जनरलकडे असण्यापेक्षा जास्त आहे.

स्लाइडवर कोरलेल्या नावाने हरखून जाऊ नका. ते नाव खोटंच आहे असं मी म्हणत नाही, कारण काही जनरलांनी किंवा त्यांच्या हाताखालच्यांनी खरोखर नावं कोरून घेतली. पण कोरणारा माणूस कारखान्यातला नसतो. ते कोरकाम फिनिशच्या वरून केलेलंच असणार, आणि १९४५ साली सोनाराने कोरलेलं नाव आणि गेल्या वर्षी कोरलेलं नाव यांत भिंगाखाली फरक सांगणं कठीण जातं. खाचेत जुना मळ, तेल, झीज दिसते का ते बघायचं, पण त्यावर पैसे लावायचे नाहीत. शेतात दगडावर नाव कोरून जमीन आपली होत नाही, सातबाऱ्यावर नाव लागतं तेव्हाच ती आपली. इथला सातबारा म्हणजे तो कागद, ज्यावर जनरलचं नाव आणि पिस्तुलाचा क्रमांक एकाच ठिकाणी आहेत.

असा कागद म्हणजे पिस्तूल ताब्यात देतानाची लष्करी पावती, किंवा निवृत्तीच्या वेळी सरकारकडून विकत घेतल्याची पावती. दुसरी मिळाली तर सोन्याहून पिवळं, कारण ती दोन कामं करते. पिस्तूल त्याचं होतं हे तर सांगतेच, शिवाय ‘सरकारी मालमत्ता’ असा शिक्का असलेली वस्तू खासगी हातात कायदेशीर मार्गाने आली हेही सांगते. कोल्टच्या अभिलेखागारातून क्रमांकानुसार पत्र मागवता येतं आणि ते मागवाच. त्यात कारखान्यातून निघाल्याची तारीख, फिनिश आणि माल कुणाकडे पाठवला ते असतं. पण तिथे सहसा एखाद्या शस्त्रागाराचं नाव सापडेल, जनरलचं नाही. विकणारा हे पत्र ‘जनरलच्या मालकीचा पुरावा’ म्हणून पुढे करत असेल तर शांतपणे पूर्ण वाचा.

घरच्यांचं पत्र मी वाईट पुरावा मानत नाही, पण एकट्याने ते फार ओझं पेलत नाही. त्यात क्रमांक लिहिला आहे का? नोटरीसमोर सही आहे का? लिहिणाऱ्याने स्वतः पिस्तूल जनरलच्या घरात पाहिलं होतं की ऐकीव गोष्ट सांगितली आहे? एकाच घरात दोन-तीन पिस्तुलं असतात, एक विकलं जातं, आणि पुढच्या पिढीत उरलेलंच ‘आजोबांचं’ होतं. यात कुणी खोटं बोलत नसतं.

कागद मिळालेच तर ते जुने आहेत का हे तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. शीर्षकावर काय छापलं आहे ते आधी बघा. सप्टेंबर १९४७ पर्यंत ‘वॉर डिपार्टमेंट’ होतं, त्यानंतर ‘डिपार्टमेंट ऑफ द आर्मी’. ‘डिपार्टमेंट ऑफ डिफेन्स’ हे नाव १९४९ चं. हवाई दल स्वतंत्र झालं तेही सप्टेंबर १९४७ मध्येच. तेव्हा १९४५ च्या पावतीवर ‘यू.एस. एअर फोर्स’ असा पत्ता दिसला की विषय संपला. पत्त्यात पाच आकडी झिप कोड असेल तर कागद १९६३ च्या आधीचा नाही. सही बॉलपेनची असेल आणि तारीख १९४४ ची, तर तिथेच थांबा. अमेरिकेत बॉलपेन दुकानात आलं ते १९४५ च्या ऑक्टोबर अखेरीस. शेवटी अंधाऱ्या खोलीत कागदावर अतिनील दिवा धरा. पांढरा कागद निळसर झगझगला तर त्यात उजळपणासाठी रसायन आहे, आणि ते कागदात महायुद्धानंतरच्या काळात रुळलं. जुना कागद मंद, पिवळट दिसतो.

मग माणसाची कारकीर्द जुळवा. ब्रिगेडियर जनरल कधी झाला, निवृत्त कधी झाला, त्या वर्षी कुठे होता, हे अधिकृत आर्मी रजिस्टरमध्ये सापडतं. वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीचा असेल तर तिथल्या पदवीधरांच्या ‘कलम रजिस्टर’ (Cullum) या नोंदवहीत तपशीलवार मिळतं. बढतीच्या आधीच्या तारखेच्या पावतीवर ‘ब्रिगेडियर जनरल’ लिहिलेलं असेल तर ते कसं, हे विचारायला हवं. सेवापुस्तक सेंट लुईसच्या अभिलेख केंद्रात असतं, पण १२ जुलै १९७३ ला तिथे लागलेल्या आगीत १९१२ ते १९५९ दरम्यान सेवेतून मोकळे झालेल्या लष्करी लोकांच्या बहुसंख्य फायली जळल्या. तुमचा जनरल १९५३ चा आहे. अर्ज करून बघा, पण ‘फाइल नाही’ असं उत्तर आलं तर तो पुरावा ना बाजूने धरायचा ना विरुद्ध.

तुमच्या वर्णनात मला सगळ्यात जास्त खटकतो तो काळा पट्टा. महायुद्धात आणि त्यानंतर काही वर्षं अमेरिकी सैन्याचं चामडं तांबूस तपकिरी होतं. काळं आलं ते १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात, नव्या हिरव्या गणवेशाबरोबर. १९५३ ला निवृत्त झालेल्या माणसाकडे काळा संच असायला काही कारण दिसत नाही. होल्स्टरची आतली बाजू, शिवणीच्या भोकांच्या कडा आणि पट्ट्याच्या काठाचा छेद भिंगाखाली पाहा. आत तपकिरी दिसला तर मूळ चामडं नंतर काळं रंगवलं आहे. तेव्हा असं सर्रास होत असे, पण ते सेवेत असलेले लोक करत, निवृत्त माणूस कशाला करेल? आतपर्यंत काळाच असेल तर हा संच दुसऱ्या कुणाचा आहे आणि पिस्तुलाला नंतर जोडलेला आहे. त्यामुळे पिस्तूल खोटं ठरत नाही, पण संच म्हणून मागितलेली किंमत ढासळते. सोनेरी मुलाम्याचं बकल, मॅगझीनची थैली असे सुटे भाग बाजारात वेगळे मिळतात आणि एकत्र करून विकले जातात, हे ध्यानात असू द्या.

‘जनरलला दिलेलं’ आणि ‘जनरलने बाळगलेलं’ यांतही अंतर आहे. पॅटनच्या कमरेला फोटोत दिसतं ते हस्तिदंती मुठीचं कोल्ट सिंगल ॲक्शन .४५ रिव्हॉल्व्हर त्याने १९१६ साली स्वतः विकत घेतलं होतं, आणि स्मिथ अँड वेसनचं .३५७ मॅग्नम १९३५ चं. सरकारी वाटपाशी दोन्हींचा संबंध नाही. अशा खासगी हत्याराचा पुरावा दुकानाचं बिल आणि ओळखू येईल असा फोटो यांतून उभा राहतो. १९७२ पासून रॉक आयलंड शस्त्रागाराने लष्कराचं नेहमीचं पिस्तूल एम १९११ए१ आखूड करून बनवलेलं .४५ चं एम १५ जनरलांना मिळू लागलं. त्याच्या डाव्या मुठीवर नाव कोरायला पितळी पट्टीच आहे. लिलावाच्या माहितीत ‘जनरल ऑफिसर मॉडेल’ हे शब्द कोल्ट १९०३ ला चिकटवलेले दिसले तर लिहिणाऱ्याने दोन गोष्टींची खिचडी तर केली नाही ना, ते विचारा.

कागदाविना नाव किती फसवं असू शकतं याचं आपल्याकडचं उदाहरण तर जगजाहीर आहे. १६ डिसेंबर १९७१ ला ढाक्याच्या रेसकोर्सवर लेफ्टनंट जनरल नियाझींनी आपलं .३८ रिव्हॉल्व्हर लेफ्टनंट जनरल अरोरांच्या हाती दिलं. हजारोंच्या आणि कॅमेऱ्यांच्या समोर दिलं, याहून पक्का पुरावा कुठला? पण नंतर मेजर जनरल जेकब यांनी ते नीट पाहिलं तर नळी घाणीने तुंबलेली, कित्येक दिवसांत साफ न केलेली, आणि दोरी मळकट, विरलेली. हे सेनापतीचं स्वतःचं हत्यार नसून बहुधा एखाद्या लष्करी पोलिसाकडून घेतलेलं असावं, असं त्यांचं मत झालं. ऐतिहासिक वस्तू म्हणून त्याचं मोल तिळभरही कमी होत नाही, कारण शरणागतीत दिलं गेलं ते हेच. मात्र ‘नियाझींनी बाळगलेलं’ असं त्याला म्हणता येईल का, हे निराळं. तुम्हीही जेकबांसारखं नळीत आणि दोरीकडे बघा.

किंमत कशी ठरवायची? मी तीन पायऱ्या धरतो. याच घडणीचं, याच स्थितीतलं नागरी कोल्ट अलीकडे पूर्ण झालेल्या लिलावांत कितीला गेलं, ही पहिली. अस्सल ‘यू.एस. प्रॉपर्टी’ कितीला जातं, ही दुसरी. नाव आणि क्रमांक एका कागदावर असलेलं, ही तिसरी, आणि तिथे जनरल कोण यावर सगळं अवलंबून. तुमच्याकडे आज जे आहे ते दुसरी पायरी आहे, तेही शिक्का आणि क्रमांक बसले तर. तेवढीच बोली लावा. लिलावगृहाचं कमिशन बोलीच्या वर असतं, ते आकड्यात आधीच धरा. घरच्यांकडून पावती निघाली तर वाढवा. ती ‘शोधून नंतर पाठवतो’ म्हणत असतील तर तिचे पैसेही नंतरच.

कायद्याचं पटकन सांगतो. ग्रीन कार्डवर हरकत नाही. एच-वन-बीसारख्या व्हिसावरच्या व्यक्तीला केंद्रीय कायद्याने बंदूक बाळगायला बंदी आहे, शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद वगळता. हे वाचणाऱ्या मित्रांसाठी लिहितो आहे. दुसऱ्या राज्यातलं पिस्तूल तुमच्या राज्यातल्या परवानाधारक दुकानदारामार्फत येईल. ५० वर्षांवरची शस्त्रं संग्राहकाच्या परवान्यावर थेट घेता येतात, त्याची फी तीन वर्षांना ३० डॉलर. पण त्याने राज्याचा नियम सुटत नाही, आणि न्यू जर्सीत प्रत्येक पिस्तुलासाठी खरेदीचा वेगळा परवाना लागतो. तो हातात येईपर्यंत दिवस जातात, म्हणून बोलीआधी अर्ज करा.

घेतलंत तर पहिली गोष्ट: मॅगझीन काढा, स्लाइड ओढून चेंबर डोळ्यांनी आणि करंगळीने तपासा. मॅगझीन सेफ्टीवर विसंबून हे टाळायचं नाही. उघडायचं असेल तर स्लाइडवरची खूण फ्रेमच्या पुढच्या कडेशी येईपर्यंत स्लाइड मागे घ्या आणि नळी फिरवा, म्हणजे तिच्या खालचे दाते फ्रेमच्या खाचांतून सुटतात आणि स्लाइड पुढून निघते. अडलं तर पकड लावू नका. बहुतेक वेळा खूण एक-दोन मिलिमीटर चुकलेली असते. पार्करायझिंगला स्टील वूल लावायचं नाही, पातळ तेलाचा हात आणि सुती फडकं पुरे. होल्स्टरमध्ये ठेवून देऊ नका. चामडं ओल धरतं, त्यातली आम्लं धातूवर उतरतात आणि बकलच्या पितळेवर हिरवा थर चढतो. दोन्ही वेगळ्या खणात ठेवा.

चालवायचंच असेल तर स्लाइड पुढे ढकलणारी रिकॉइल स्प्रिंग नवी घाला आणि जुनी पाकिटात जपून ठेवा, कारण मूळ भागांचे पैसे असतात. काडतूस .३२ एसीपी, ७१ ग्रेनचं पूर्ण जॅकेटचं. आखूड पोकळ टोकाची काडतुसं टाळा. या काडतुसाच्या बुडाची कड अंगापेक्षा किंचित रुंद असते. लांबी कमी पडली की मॅगझीनमध्ये वरच्याची कड खालच्याच्या कडेमागे सरकते आणि दोन्ही अडकतात, मग पुढचं काडतूस चढतच नाही. भारतात मिळणाऱ्या .३२ रिव्हॉल्व्हरचं काडतूस निराळं, लांब आणि पूर्ण कडेचं. ते यात बसत नाही.

पुण्याला आणण्याचं म्हणाल तर .३२ हे भारतात निषिद्ध बोअर (सामान्य नागरिकाला बंद असलेलं कॅलिबर) नाही, एवढीच जमेची बाजू. १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली भारतातला परवाना आधी हवा, २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात, आयातीवर कडक बंधनं आहेत आणि अमेरिकेतून बाहेर न्यायचीही परवानगी लागते. जुनी, संग्राह्य वस्तू म्हणून सूट मिळेल या भरवशावर राहू नका. ती कलम ४५ मधली सूट दुरुस्त करूनही चालणार नाही अशा हत्याराला आहे, आणि तुमचं कोल्ट तर उद्याही चालेल. परतायचं पक्कं असेल तर निघण्याआधी ते कागदांसकट तिकडेच विकून या.